अकोल्याचा दाताचा डॉक्टर

माझ्या मुलीचे दात आमच्या अख्ख्या खानदानात सगळ्यात ठणठणीत. ऊस सोलायला तिला विळा लागत नाही. तरीही गेली दोन वर्षं दर महिन्याला आम्ही तिला अमरावतीहून अकोल्याला दाताच्या डॉक्टरकडे नेतो, अशी सगळ्या नातेवाइकांची समजूत आहे. ही समजूत मीच मेहनतीने तयार केली. अकोल्याचे ते डॉक्टर दातांचे नाहीत, मुलांच्या मनाचे आहेत. मुलीला एडीएचडी आहे.

अमरावतीत असे डॉक्टर मिळत नाहीत असं नाही. पण त्यांचा जिना चढताना कोणी पाहिलं तर उद्या पोरीच्या लग्नाचं काय, असा प्रश्न सासूबाईंना पडला. पोरगी तेव्हा सात वर्षांची होती. आमची अब्रू मोठी सोयीची आहे. बडनेऱ्यापर्यंत ती फार नाजूक असते, मूर्तिजापूर ओलांडलं की तिला काहीही होत नाही.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. तिचं लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, आणि राग असो, रडू असो, जे येतं ते पूर्णच्या पूर्ण येतं. ते आवरायला तिला इतर मुलांपेक्षा उशिरा जमेल आणि शिकवावं लागेल. एवढं ऐकून आम्ही घरी आलो आणि घरात जो तो आपापलं निदान घेऊन बसला. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली. दीर म्हणाले मोबाइल. शेजारच्या काकूंना खरा आजार सांगितलाच नव्हता, तरी उपाय त्यांच्याकडे तयार होता. "दोन ठेवून द्या जी, सरळ होते पोट्टी." मी शिकलेली असल्यामुळे मला हा सल्ला अजिबात पटला नाही. मी तो फक्त अधूनमधून अमलात आणत होते.

डॉक्टरांचे नियम साधे होते. ती पेटली की समजावू नका, वाद घालू नका. गर्दीतून बाजूला न्या. दोन्ही हातांनी भिंत ढकलायला लावा, म्हणजे अंगातला जोर कुठेतरी जातो. आणि तुमचा आवाज खाली आणा. शेवटचा नियम सांगताना त्यांना बहुधा आमचं घर माहीत नव्हतं. आमच्याकडे "मीठ दे" हे वाक्यसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. हळू आवाज आम्ही फक्त कोणी गेल्याची बातमी सांगायला वापरतो. पहिल्यांदा मी तिच्याजवळ बसून अगदी हळू म्हणाले, "बाळा, तुले राग आला ना?" ती रडायची थांबली. माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "आई, कोन मेलं?" मग ती आजीसाठी अर्धा तास रडली. आजी आत भजी तळत होती.

तरी हळूहळू जमायला लागलं. डॉक्टरांनी भावना ओळखायला चेहऱ्यांचा तक्ता दिला होता. तिने सगळ्या चेहऱ्यांना मिशा काढल्या आणि तक्ता निकालात निघाला. पण एकदा मी मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट करत होते, तेव्हा ती येऊन म्हणाली, "माह्या पोटात असंच होते."

"कितीवर?" मी विचारलं.

"तीनवर. झाकन उडते मंग."

त्यानंतर आम्ही आकड्यांत बोलायला लागलो. शाळेतून आली की ती दारातच सांगायची, आज एक, आज दोन. दोन म्हणाली की आम्ही दोघी भिंत ढकलायचो. एकदा मी तिच्या वहीवरून ओरडत असताना ती शांतपणे म्हणाली, "आई, तुह्यं तीनवर हाय." मला इतका राग आला की मी जाऊन एकटीच भिंत ढकलली. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

असं सगळं बरं चाललेलं असताना अकोल्याच्या दवाखान्यात आम्हाला शेजारच्या काकू भेटल्या. त्याच, दोन ठेवून देणाऱ्या. शेजारी त्यांची नात. भिंतीवर डॉक्टरांच्या नावाखाली 'बालमानसोपचार' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं.

"दाताले आली का?" काकूंनी विचारलं.

"हो, दाताले. तुम्ही?"

"आमीबी दाताले."

आम्ही दोघी त्या पाटीखाली बसून दातांवर मनापासून बोललो. मुलगी म्हणाली, "आई, इथं दात कोन पाह्यते?" मी तिला चिमटा काढला. परतताना बसमध्ये तिला बजावलं, कोणी विचारलं तर दातच सांगायचं.

"काहून?"

"लोक काहीबाही बोलतात."

"मले?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टर तिला राग आवरायला शिकवत होते आणि मी तिला स्वतःची लाज शिकवत होते. महिन्याच्या महिन्याला, तिकीट काढून. हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पुढचं म्हणजे भातकुलीचं बारसं. माझ्या भावाला मुलगी झाली आणि मी आत्या. नवीन ठिकाणी जायच्या आधी काय काय होणार ते मुलीला सांगून ठेवायचं, हाही डॉक्टरांचा नियम. मी सगळं सांगितलं. पाहुणे किती, गोंगाट किती, जेवण कधी. एक गोष्ट राहिली. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा मागून सगळ्या बाया तिच्या पाठीत बुक्के घालतात. लहानपणापासून इतकं पाहिलेलं की ते सांगायची गोष्ट आहे, हे सुचलंच नाही.

मी वाकले. कुर्रर्र झालं. पाठीवर धपाधप सुरू झालं, बाया खिदळत होत्या. त्यात वहिनीच्या मावशीचा हात शेतातला, तिचा बुक्का पार बरगडीपर्यंत गेला आणि मी ओरडले. पुढच्या क्षणी मावशी ओरडली. माझ्या मुलीने तिच्या दंडाचा कडाडून चावा घेतला होता. मग घुगऱ्यांचं ताट उडालं, हरभरे पाळण्यात, बाळ किंचाळलं, आणि मुलगी मधोमध उभी राहून येईल त्या बाईला ढकलत होती. "सोडा माह्या आईले! सोडा!"

मी तिला कवेत उचलून मागच्या अंगणात नेलं. समजावायच्या भानगडीत पडले नाही. दोघींनी मिळून भिंत ढकलली. भिंतीवरचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "तीन." मग, "दोन." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एवढी मोठी आग आम्ही दोघींनी मिळून विझवली, याचा मला खरोखर अभिमान वाटत होता.

तेवढ्यात वहिनी दारात आली. "काय झालं वं बाई पोरीले?"

"काही नाही," मी म्हणाले. "दात दुखून राहिला तिचा."

माझ्या मुलीने मुकाट्याने गालावर हात ठेवला.

मी तिच्या त्या हाताकडे पाहत राहिले. वहिनी आत गेल्यावर तिने हात काढला.

"आई, त्या साऱ्या तुले मारून राहिल्या होत्या ना?"

"तशी रीत असते बाळा."

"मले का माहीत? मी तुह्याकडून होती." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू कोनाकडून हायस?"

मी तिचा हात धरला आणि आत गेले. बाया हरभरे वेचत होत्या. मी आमच्या घरातल्या आवाजात, म्हणजे भातकुलीच्या वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "हिचा दात दुखत नाही. आमी अकोल्याले मनाच्या डॉक्टरकडे जातो. हिले राग आला का आवरत नाही, ते शिकून राहिली हाय. तुमी मले मारता असं वाटलं तिले. रीत सांगायची राह्यली, ती चूक माही."

बारशाला सोबत आलेल्या सासूबाईंनी घुगऱ्यांच्या वाटीत मान घातली. मग वहिनीच्या मावशीने दंड चोळत म्हटलं, "दात चांगले हायेत, हे तं मले समजलंच बाप्पा."

हसू फुटलं. मुलगी हसली नाही. ती माझा हात सोडून मावशीजवळ गेली आणि तिच्या दंडावरची खूण निरखून पाहिली.

"दुखते का?"

"दुखते ना वं," मावशी म्हणाली. "अन् तुले?"

मुलीने थोडा विचार केला. पोटावर हात ठेवला.

"मलेबी," ती म्हणाली.