पाणी शंभरलाच उकळतं

मंठा तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात कारभारी बोराडे एकोणीस वर्षं प्रयोगशाळेचा परिचर होता. परिचर हा आपला कागदावरचा शब्द. गाव त्याला लॅबवाला कारभारी म्हणायचं आणि पोरं मामा म्हणायची. १९८१ साली तो नोकरीला लागला तेव्हा दहावीला इंग्रजीने त्याला दोनदा आपटलेलं होतं, पण विज्ञानात तो वर्गात पहिला होता. ही गोष्ट त्याने स्वतः सोडून कुणीही लक्षात ठेवली नव्हती.

शाळेचे विज्ञान शिक्षक बद्रीनाथ काकडे. यांनी विज्ञान शिकवलं ते खुर्चीत बसून, मांडीवर गाईड उघडं टाकून. फुलाचे भाग शिकवायचे म्हणजे सर फळ्यावर खडूने जास्वंद काढायचे. खरी जास्वंद खिडकीच्या बाहेर हाताच्या अंतरावर फुललेली असायची, पण ती तोडून आणावी, ब्लेडने उभी चिरावी, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. स्पिरिटच्या दिव्याला तर ते भ्यायचे. दिवा पेटवायची वेळ आली की त्यांना हटकून मुख्याध्यापकांकडे काम निघायचं.

मग पोरांचे प्रयोग व्हायचे कसे? व्हायचेच नाहीत. कपाटात एक मूळ वही होती. १९८३च्या बॅचमधल्या कुणा सुवाच्य अक्षराच्या पोराने ती गाईडवरून उतरवलेली. दर जानेवारीत कारभारीने ती काढून वर्गात द्यायची, पोरांनी आपापल्या प्रयोगवहीत नक्कल मारायची, सरांनी खाली सही ठोकायची, की विज्ञान झालं. त्या वहीत हरभऱ्याच्या चार बिया ओल्या कापडात ठेवल्या होत्या. तीन उगवल्या, चौथी कुजली. तर पुढची सतरा वर्षं त्या शाळेतल्या प्रत्येक पोराची चौथी बी कुजत आली. शेतकऱ्यांची पोरं सगळी, घरी पोत्याने हरभरा, पण एकाचीही चौथी बी उगवली नाही आणि एकाचीही तिसरी कुजली नाही. कारभारी वह्यांचे गठ्ठे उचलताना मनातल्या मनात म्हणायचा, काय एकेक नग भरलेत इथं.

सगळ्यात मोठा विनोद थर्मामीटरचा होता. कधीमधी तपासणीला कुणी साहेब येणार असला की पाणी उकळून दाखवावं लागे. तेवढ्यापुरता कारभारी दिवा पेटवायचा. पाणी खळखळा उकळायचं, वाफ वर जायची आणि पारा अठ्ठ्याण्णवच्या जरासा वर जाऊन थांबायचा. सर लांबूनच म्हणायचे, बिघडलंय, दुसरं आण. दुसरं आणलं की तेही तिथंच थांबायचं. बिघडलेली थर्मामीटर ठेवायला पत्र्याचा एक डबा केला होता. त्यात एकतीस थर्मामीटर जमली. वेगवेगळ्या वर्षी घेतलेली, वेगवेगळ्या दुकानांतली एकतीस थर्मामीटर एकाच आकड्यावर बिघडतात, याचं नवल एकाही पदवीधराला वाटलं नाही.

कारभारीला वाटलं होतं. त्याने नववीचं पुस्तक घरी नेलं आणि कंदिलाजवळ नाही, चांगलं उन्हात ओट्यावर बसून वाचलं. उत्तर तिथंच होतं. हवेचा दाब कमी असला की पाणी शंभराच्या आतच उकळतं, आणि समुद्रापासून जितकं वर जावं तितका हवेचा दाब कमी. आपला सगळा मुलूख पठारावरचा, समुद्र कुठं नि आपण कुठं. म्हणजे थर्मामीटर खरं बोलत होतं आणि काकडे सर खोटं. गंमत अशी की हाच धडा सर दर दिवाळीनंतर शिकवायचे, आणि डबा त्यांच्या मागच्या कपाटातच असायचा.

हे सगळं तो घरी बायकोला, गोजरबाईला, रंगवून सांगायचा. सरांची नक्कलही चांगली करायचा. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि विचारायची, "मंग त्यांलाच सांगा की." त्यावर हा म्हणायचा, आपल्याला काय करायचंय. शाळेत त्याच्या तोंडून एकोणीस वर्षांत 'हो सर' याच्यापलीकडे फारसं काही बाहेर पडलं नव्हतं. हुशारी सगळी ओट्यावर.

सन २०००च्या जानेवारीत काकडे सर चार दिवस प्रशिक्षणाला जालन्याला गेले. दहावीच्या वर्गाला मूळ वही द्यायला सांगून गेले. वर्गात बेबीनंदा नावाची मुलगी होती. बाप भिवा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा, आई चांगुणाबाई निंदणी-खुरपणीला. या पोरीला जालन्याला सायन्सला जायचं होतं. तिच्या वस्तीतून आजवर कुणी गेलं नव्हतं. ती वही घेऊन कारभारीकडे आली आणि म्हणाली, मामा, हे उतरवण्यापेक्षा करूनच बघू की, सामान तर आहे.

कारभारीला नाही म्हणता आलं नाही. त्याने दिवा पेटवला. पारा जायचा तिथं जाऊन थांबला. पोरीने डब्यातलं दुसरं लावलं, तिसरं लावलं. मग तिने डब्यातली मोजली, एकतीस भरली, आणि त्याच्याकडे बघितलं.

"मामा, ह्ये सगळेच बिघडलेत का?"

"येक बी बिघडलेलं न्हाई," कारभारी म्हणाला. "सगळे बराबर हायेत."

आणि तो बोलत सुटला. दाब सांगितला, पठार सांगितलं, पुस्तकातलं पान काढून दाखवलं. एकोणीस वर्षं जे आत साठलं होतं ते अर्ध्या तासात बाहेर आलं. ती मध्येच प्रश्न विचारायची, आणि त्याची उत्तरं त्याला येत होती. त्या दिवशी कारभारी इतका सुखावला की घरी जाताना त्याने गोजरबाईसाठी पावशेर पेढे घेतले. काय झालं विचारलं तर म्हणाला, आज शिकवलं.

बेबीनंदाने वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि खाली दोन ओळींत कारणही लिहिलं. सर परत आले. सह्या मारता मारता त्या पानावर त्यांचा हात अडला. त्यांनी लाल शाईची फुली मारली. खालच्या दोन ओळी वाचायची तसदी घेतली नाही. पाणी शंभरलाच उकळतं, म्हणाले, दुरुस्त कर, मग सही. तिने थर्मामीटर बघा म्हटलं, तर बिघडलंय म्हणाले. तिने विचारलं, सर, एकतीसच्या एकतीस? वर्ग हसला. तिथं सगळं फिसकटलं. काकडे सरांना पाण्याचं काही पडलं नव्हतं, पण हसणं त्यांना सोसणारं नव्हतं. त्यांनी वही तिच्या अंगावर टाकली आणि सही होणार नाही म्हणून सांगितलं.

सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही. प्रात्यक्षिक नाही तर विज्ञान गेलं, आणि विज्ञान गेलं की जालना गेलं. परीक्षा पाच दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी भिवा मजुरी बुडवून शाळेत आला. मुख्याध्यापक रामरावांच्या ऑफिसात सगळे उभे राहिले. सर तेवढे बसले. रामराव इतिहासाचे. पाणी कितीला उकळतं याच्याशी त्यांचा संबंध चहापुरता. त्यांनी पोरीला समजावलं की मोठ्यांचं ऐकावं. भिवाने हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. तो म्हणाला, मला यातलं कळत नाही साहेब, पण पोरीनं डोळ्यानं बघितलंय म्हणते. मग त्याने दाराशी उभ्या कारभारीकडे मान वळवली.

"दादा, तुमच्यासमोर केलं ना तिनं? मंग तुमीच सांगा. तुमी सांगताल त्ये आमाला कबूल."

काकडे सर लगेच म्हणाले, माझ्या मागे दिवा पेटवायची परवानगी कुणी दिली तेही कळू द्या. रामरावांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कारभारी, थर्मामीटर चांगलं होतं का बिघडलेलं?"

काय झालं असतं? काहीही झालं नसतं. नोकरी कायम होती. फार तर सरांनी महिनाभर तोंड वाकडं केलं असतं. पुस्तक कपाटात होतं, पान त्याला पाठ होतं. बेबीनंदा त्याच्याकडे बघत होती, आणि तिला जराही काळजी वाटत नव्हती. मामा आता सांगणार, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बिघडलेलं व्हतं, सर," कारभारी म्हणाला.

रामरावांनी मान डोलावली. भिवाने पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, लिही बाई. सरांनी ब्लेड मागितलं, शाई खरवडायला. कारभारीच धावत जाऊन घेऊन आला. टेबलावर वही सरळ करून त्याने स्वतःच्या हाताने ते अठ्ठ्याण्णव खरवडलं, खालच्या दोन ओळीही खरवडल्या, आणि कागद फाटू नये म्हणून नखाने वरून घासून घेतलं. फार सफाईने केलं. काम करायला तो पहिल्यापासून चांगलाच होता. बेबीनंदाने शंभर लिहिलं, सही झाली, बापलेक बाहेर पडले.

कारभारी त्यांच्या मागोमाग हापशापर्यंत गेला. तिथं भिवा पाणी प्यायला वाकला होता. कारभारी तिला सांगू लागला की पोरी, तुझं वर्ष वाया गेलं असतं, तुझ्याच भल्यासाठी बोललो, सरांना काय, त्यांना काडीची अक्कल नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरांना ठाऊकच न्हाई, मामा. तुमाला ठाऊक व्हतं."

भिवाने गमछ्याने तोंड पुसलं, कारभारीला राम राम घातला, तुमच्यामुळं निभावलं म्हणाला, आणि पोरीला घेऊन रस्त्याला लागला.