दोन पॉइंट दहा मोठं की दोन पॉइंट नऊ?

"ताई, बोट रुतली हाय! तुमचं ॲप म्हनतंय पानी हाय, आनि खाली तर वाळू लागली!"

हिराजीकाका रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावरून फोनवर ओरडत होते. ते तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. बोटीवर सहा माणसं, लाटा आपटतायत, आणि चूक माझ्या ॲपची.

मी चौलची. नोकरी सॉफ्टवेअरची. भरती-ओहोटीचं हे ॲप मात्र फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणीही बघावा, सुधारावा. बोट आत यायला खाडीत पुरेसं पाणी कधी, ते त्यात दिसतं. व्हर्जन २.९ मध्ये ती वेळ तासाभराने चुकली होती. कळलं त्याच दिवशी दुरुस्त करून मी २.१० बोटवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं.

तासाभराने पाणी चढलं, बोट उचलली गेली. सहाही जण सुखरूप किनाऱ्याला लागले. मी धावतच बंदरावर गेले.

"काका, नवीन व्हर्जन का नाही घेतलंत?"

"दोनी आलं व्हतं की. मोठा नंबर ठेवला, बारका पुसून टाकला."

मी समजावू लागले. हे टिंब दशांशाचं नाही. दुसरा आकडा म्हणजे कितवी सुधारणा. नवानंतर दहा. शेजारी काकांची बायको, जनाकाकी, मासळी तोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पोरी, दोन पॉइंट नऊ किलो सुरमई नेशील का दोन पॉइंट दहा? जास्ती कंची?"

"दोन पॉइंट नऊ," मी म्हटलं.

"लय शिकलीस गो. पन काट्याम्होरं कदी बसली न्हायस."

काकीचे पाय धरावेसे वाटले. संध्याकाळी माझ्या जोडीने कोड सांभाळणाऱ्या प्रसादला फोन लावला.

"अगं, नियमाप्रमाणे २.१० बरोबरच आहे."

"नियम तू आणि मी वाचलाय. बोटीवर कुणी वाचलाय?"

"मग साल-महिना टाकू. २५.९, मग २५.१०."

"अरे बाबा, पुन्हा तेच!"

मग दोघंही हसत सुटलो. ठरलं, टिंबच नको. आधीची सगळी व्हर्जनं मोजली. पुढचं तिसावं होतं, त्याला नुसतं ३० म्हटलं. मोठे बदल फक्त पावसाळी बंदीत, बोटी किनाऱ्यावर असताना. हंगामात नुसती दुरुस्ती. आभाराच्या यादीत पहिलं नाव जनाकाकीचं. आता बंदरावर लोक एकमेकांना विचारतात, "कितवा हाय तुज्याकरं?"

नंबर असा द्यावा, की ज्याचा जीव त्यावर आहे त्याला तो कळेल. एवढाच धडा. पण त्या दिवशी वाचवलं ते काही माझ्या हुशारीने नाही. कोडने पाणी तासभर लवकर दाखवलं, म्हणून बोट चढत्या पाण्यात रुतली. हीच चूक उलट्या बाजूला झाली असती, ओहोटी लागल्यावरही पाणी पुरेसं दाखवलं असतं, तर ती उतरत्या पाण्यात रुतून कलंडली असती. कुठल्या बाजूला चुकायचं, हे मी ठरवलं नव्हतं. देवाची कृपा, दुसरं काय!