एकविसावी केस

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी आम्हा प्रत्येकीला वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं करावी लागत. त्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जात नसे. प्रत्येक बाळंतपणाची नोंद एका जाड वहीत व्हायची, तिला केसबुक म्हणायचे, आणि प्रत्येक नोंदीखाली लेबर रूमच्या सिस्टरची सही लागायची. सही नसेल तर ते बाळंतपण तुम्ही केलंच नाही. बाळ पाळण्यात कितीही बोंबलत असो.

मी नागपुरात शिकायला होते ते हे दिवस. कोराडीचं वीज केंद्र नुकतंच सुरू झालं होतं, तरी आमच्या इस्पितळातले पंखे भर उन्हाळ्यात तासन्‌तास बंद पडायचे. मी मौद्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. होस्टेलमधली माझ्या खोलीतली मैत्रीण खाप्याची. तिच्या घरी हातमाग होता. तुटलेला धागा गाठ दिसू न देता जोडायची सवय तिच्या बोटांना लहानपणापासून होती, त्यामुळे तिच्यासारखे टाके आमच्या वर्गात कुणाला जमत नसत. मला तिचा हेवा वाटायचा आणि तो मी तिला तोंडावर सांगायचे. ती हसायची आणि माझी ॲप्रनची नाडी ओढायची.

तिच्यात एकच खोट होती. कुणी विचारलं की ती खरं सांगायची.

एकदा डॉक्टर राउंडला आले. एक बाई सकाळपासून कळा देत होती. डॉक्टरांनी विचारलं, हिला शेवटचं कधी तपासलं? सिस्टर म्हणाल्या, आत्ताच, अर्धा तास झाला. डॉक्टरांची नजर सहज माझ्या मैत्रिणीकडे गेली, कारण बाईचा हात धरून तीच उभी होती.

"सकाळपासून कोणी नाही तपासलं सर," ती म्हणाली. "बाई कवाची सांगून राहिली."

मी शेजारच्या खाटेजवळ चादर घडी करत होते. ती चादर मी चार वेळा घडी केली. डॉक्टर काहीतरी पुटपुटले आणि पुढे गेले. पुढच्या खाटेपर्यंत ते सगळं विसरलेही असतील. सिस्टर विसरल्या नाहीत.

सिस्टर काही राक्षसीण नव्हत्या. असत्या तर बरं झालं असतं. कडक इस्त्रीची पांढरी साडी, कपाळावर एक केस इकडचा तिकडे नाही, आणि अडलेलं बाळ फिरवण्यात त्यांचा हात असा की मोठे डॉक्टरही बाजूला उभे राहून बघत. ओरडणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. माझ्या मैत्रिणीवर तर त्या कधीच ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त एक केलं. ती सकाळपासून एखाद्या बाईजवळ बसायची, पाठ चोळायची, पाणी पाजायची, आणि बाळाचं डोकं दिसायला लागलं की सिस्टर अगदी मऊ आवाजात म्हणायच्या, "तू जरा स्टोअरमधून चादरी घेऊन ये गं." कधी बेडपॅन, कधी सुया उकळायला टाकायच्या. ती परत येईपर्यंत बाळ दुसऱ्या मुलीच्या हातात आणि नोंद दुसऱ्या मुलीच्या वहीत. त्या दुसऱ्या मुलींमध्ये मीही होते. माझ्या विसांतल्या तीन केसेस अशाच आलेल्या. मी थँक्यू सिस्टर म्हणून सही घेतली होती.

ती मेट्रनबाईंकडे गेली, कुणाला न विचारता. मेट्रनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, शिकायचं म्हणजे सोसावं लागतं, आम्ही काय कमी सोसलं? त्याच दुपारी सिस्टरनी तिला विचारलं, "मेट्रनबाईंच्या ऑफिसात गार वाटलं का? तिथं पंखा चालू असतो नं?" सगळ्या मुली हसल्या. मीही हसले. हे लिहिताना माझे कान तापतात, पण हसले.

सिस्टर रजेवर असल्या की दुसरी सिस्टर यायची, तेव्हा मैत्रिणीला एखादी केस मिळायची. असं करत करत तिच्या वहीत एकोणीस झाल्या. वह्या ऑफिसात द्यायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा तिला एक कमी होती. एकच. माझ्या वीस केव्हाच पुऱ्या झाल्या होत्या.

त्या सकाळी सिस्टरना मेट्रनबाईंनी बोलावणं पाठवलं. टेबलावर एक बाई होती, काटोलकडची, तिसऱ्या खेपेची. तिसऱ्या खेपेला बायका वाट बघत नाहीत. सिस्टर दाराबाहेर पडल्या आणि डोकं दिसायला लागलं. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे वं लवकर. मी दाराशी उभी राहते."

ती केस मला आजही जशीच्या तशी आठवते. डोकं बाहेर आलं आणि मानेभोवती नाळेचा वेढा. तिनं घाई केली नाही. बोट आत सरकवून वेढा डोक्यावरून असा काढला की जणू मागावरचा धागाच सोडवते आहे. "आता जोर नको लावू बाई, थांब जराशी," ती त्या बाईला म्हणाली. मग खांदे, मग सगळी मुलगी. क्षणभर निळी, मग लाल, आणि मग अशी रडली की बाहेरची आया आत डोकावली. मैत्रिणीचे डोळे भरले होते. वीस झाल्या होत्या.

नाळ बांधून ती बाळ पुसत होती आणि मी गुंडाळायचं फडकं घेऊन तिच्या शेजारी गेले होते, तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आम्हा दोघींकडे पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

"केस कोणी घेतली?"

मैत्रिणीनं तोंड उघडलंही होतं. पण सिस्टर तिच्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. "तू घेतलीस नं?" त्या मला म्हणाल्या, त्याच मऊ आवाजात.

आपण त्या वेळी काय विचार केला, हे माणूस नंतर जुळवून सांगतो. खरं म्हणजे मी काहीच विचार केला नाही. मला फक्त भीती वाटली. माझ्या वहीतल्या वीसही सह्या याच पेननं झाल्या होत्या.

"हो सिस्टर," मी म्हटलं.

टेबलावरच्या बाईनं मान उचलली. अजून बाळामागची वार पडायची होती, अंगावर घामाच्या धारा. "नाई वं बाई," ती म्हणाली, "हे नाई. माही पोरगी त्या पोरीनं काढली. त्या उंचवालीनं." आणि बोट दाखवलं.

"तू चूप राय," सिस्टर म्हणाल्या. "तुले काय समजते."

बाईनं मान खाली टेकली. सिस्टरनी रजिस्टरमध्ये लिहिलं, मग माझी वही मागितली आणि सही केली. एकविसावी. मला तिचा काडीचा उपयोग नव्हता. विसाच्या वरच्या केसेस कोणी मोजतही नसत.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी जाऊन खरं सांगू शकले असते. सिस्टरना नाही तर मेट्रनबाईंना, ट्यूटरला, कुणालाही. मी जेवायला गेले. खोलीवर आले तेव्हा ती पलंगावर बसून वहीला खाकी कव्हर घालत होती, जसं काही वही उद्याही लागणार आहे. तिनं मला विचारलंसुद्धा नाही, काहून केलं असं. विचारलं असतं तर मी रडले असते, आणि रडून मोकळी झाले असते.

पुढच्या परीक्षेसाठी तिला एक केस हवी होती, म्हणून पुन्हा त्याच लेबर रूममध्ये, त्याच सिस्टरखाली टाकलं. पुन्हा स्टोअर, पुन्हा चादरी, आणि या खेपेला सिस्टर रजेवर गेल्याच नाहीत. हिवाळ्यात तिचे वडील आले, ट्रंक डोक्यावर घेतली आणि तिला घेऊन गेले. मी पास होऊन त्याच इस्पितळात नोकरीला लागले. काही वर्षांनी सिस्टर मानानं निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करायला कुणी तयार होईना, तर मला उभं केलं. सिस्टरनी आम्हाला शिस्त लावली, असं मी बोलले आणि टाळ्या घेतल्या.

त्यानंतर मी खाप्याला गेले. परीक्षेनंतर परत मिळालेली वही पिशवीत होती. तिला ते पान दाखवायचं, ही तुझी आहे म्हणायचं, हात जोडायचे, असं बसमध्ये ठरवलं होतं. ती ओसरीवर कांड्या भरत होती, चरख्यावर सूत गुंडाळत. चेहरा ओढलेला, बोटं तीच. मला पाहून तिनं बस म्हटलं, चहा ठेवला.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात शेजारची म्हातारी धावत आली. गरोदर सुनेचं पाणी गेलं होतं, मोटार मिळत नव्हती.

"तू तं शिकेल आहेस वं बाई, पाहून दे नं जरा."

"मी नाही शिकली मावशी," ती चरखा न थांबवता म्हणाली. "माह्यापाशी कागद नाही. सावनेरले दवाखान्यात न्या तिले."

मग मीच उठले आणि गेले. मुलगा झाला, सगळं सुखरूप झालं. परत येऊन मोरीवर हात धुतले आणि वही काढली. पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. काय बोलायचं ठरवलं होतं ते काही केल्या आठवेना. तिनं पान वाचलं. तारीख, वेळ, मुलगी, वजन, नाळेचा वेढा एक, माझं नाव, सही. मग वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"ते काटोलची बाई बोलली होती वं," ती म्हणाली. "वार पडायची होती तिची, तरी बोलली."

आणि तिनं चरखा पुन्हा सुरू केला.