आबांनी न केलेली सही

मी स्वभावानेच संशयी. नवरा देवळात जाऊन आला तरी मी विचारते, नक्की कुठे गेलेलास? तर आबा साळवेंना कशी सोडणार?

आमची ठाकुर्लीची सोसायटी. यंदा सव्वीस जानेवारीला झेंडा आबांनी फडकवायचा ठरलेलं. ऐंशीला टेकलेले निवृत्त हवालदार, एकाहत्तरची लढाई लढलेले. आदल्या रविवारी हॉलमध्ये सिनेमा लावला, त्यांच्याच पलटणीच्या लढाईवरचा. पडद्यावर शत्रू शेपूट घालून पळाला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. आबा ताडकन उठले. "साफ खोटं! कुणी पळालं नव्हतं. पहाटेपर्यंत लढले ते."

आमचा चेअरमन सलिल म्हणाला, "आबा, तुम्ही नक्की कुणाकडून लढलेलात?" सगळे हसले. मीही हसले, लपवायचं काय!

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नुसता धुरळा. म्हातारा तिकडच्यांची बाजू का घेतो? मिलिट्रीत होता तरी का? माझ्याही डोक्यात किडा वळवळला. शत्रूचं एवढं कौतुक असतं का कुणाला? सोसायटीची सेक्रेटरी मीच, गेले त्यांचे मिलिट्रीचे कागद बघायला.

दार त्यांच्या पत्नीने, शालनताईंनी उघडलं. "जयभीम, या ना," म्हणाल्या. कागदांचं काढलं तसा चेहरा उतरला. "बी विंगमधले ते दोघेही मिलिट्रीतलेच. त्यांच्याकडे मागितलेत कधी?" मी कागदांसाठी हात पुढे केला. कागद खरे निघाले, पदकही निघालं. तरी माझं मन म्हणे, पदक काय, कोठार सांभाळणाऱ्यालाही देत असतील. काय बाई मेला स्वभाव!

आमच्याकडे पार्किंगचं भांडण असो की गळतीचं, माफीपत्र लिहून घेतलं की प्रकरण मिटतं. कमिटीने इथेही तेच केलं. आबांना सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं, सलिलने टाइप करून आणलं: 'सिनेमात दाखवलेलं खरं आहे. मी अनवधानाने चुकीचं बोललो.'

"एवढी सही करा आबा, की झेंडा तुमचाच."

आबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. झेंड्याची केवढी हौस होती त्यांना, रोज गच्चीवर जाऊन काठी बघून यायचे. मला वाटलं, करतात आता सही.

"करतो," ते म्हणाले. "आधी खाली एक ओळ वाढवा. त्या चौकीवर माझ्या बरोबरीची अकरा पोरं गेली. समोरचे पळत होते ना? मग माझी पोरं कुणी मारली, तेवढं लिहा."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी पेन उघडलं, पण एक अक्षर लिहिता येईना. सलिल मोबाइलमध्ये बघत राहिला. आबा उठून घरी गेले.

सव्वीसला झेंडा सलिलने फडकवला. मी त्याच्या शेजारी उभी होते.