पाच पॉइंट चार

ट्रेलर शूटिंगचा होता, नटांच्या मेकअपची चाकांवरची खोली. सिनेमाच्या एका युनिटने तो काढून टाकला आणि मी तो गाडीमागे ओढत तारनाक्याला आमच्या घरासमोर आणून लावला. आत एक आरसा, त्याच्याभोवती बल्बची भोकं आणि ओल लागून फुगलेलं प्लायवूड. बाकी काही नव्हतं.

कारण साधं होतं. कमरेतली चकती सरकल्यापासून बायकोला सलग तासभरापेक्षा जास्त बसता येत नाही. मग अर्धा तास कडक फळीवर आडवं व्हावं लागतं. तिची बहीण नांदेडला असते. गुडघ्यांमुळे तीही कुठे निघत नाही. दोन वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या. ट्रेलरमध्ये लाकडी पलंग झाला, तर थांबत थांबत नांदेड गाठता येणार होतं.

मागच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते. त्याचे सागवानी दरवाजे मी मिळवले. त्यांतले खिळे पकडीने उपटण्यात तीन दिवस गेले. सुतार नामपल्लीचा. चार वेळा "आज आतूं साब" म्हणून आला नाही, पाचव्या वेळी आला. मला न दिसलेल्या एका खिळ्याने पहिल्याच तासात त्याच्या रंध्याचं पातं तुटलं.

"साब, ये दरवाजा है या कीलां का गोदाम?"

दरवाजे तो आपल्या कारखान्यात घेऊन गेला. माप मात्र मी त्याला घेऊ दिलं नाही. तीस वर्षं वृत्तपत्रात दुसऱ्यांच्या मजकुरातले आकडे तपासले होते. भिंत ते भिंत एकशे पासष्ट सेंटीमीटर. सुतार फुटांत काम करतो, म्हणून फोनवर भागाकार केला आणि चिठ्ठी लिहून दिली: ५.४ फूट, आठ फळ्या.

फळ्या आल्या. रंधा मारलेल्या, गुळगुळीत. पहिली एका भिंतीला टेकवली, तर दुसरं टोक समोरच्या भिंतीला आधारासाठी लावलेल्या लोखंडी पट्टीवरून सुटून खाली आदळलं. दुसरीचंही तेच.

"कितने पे काटे?"

"पांच फूट चार इंच. आपीच लिखे ना."

"वो पॉइंट है!"

"हौ साब, पॉइंट है. उसके बाद चार है."

फूट बारा इंचांचा असतो, दहाचा नव्हे; पॉइंट चार फूट म्हणजे जवळजवळ पाच इंच. आठही फळ्या जवळजवळ इंचभर आखूड. बातमीत असती तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींची दुरुस्ती छापून भागलं असतं.

बायको दारात उभी होती. "आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात," ती म्हणाली, "ही एक स्वतःसाठी राखून ठेवली होतीत वाटतं."

पाडलेल्या घराच्या जागी गेलो. लाकडाचा तुकडाही उरला नव्हता. सुताराचं म्हणणं, एक फळी उभी चिरायची आणि तिच्या दोन पट्ट्या दोन्ही भिंतींना आधाराला ठोकायच्या. त्यात पलंग एका फळीने अरुंद होणार होता. मला ते पटेना. त्याच जाडीच्या जुन्या सागवानासाठी मी आठवडाभर वखारी फिरलो. मिळालं नाही.

"मी किती रुंद आहे असं वाटतं तुम्हाला?" बायको शेवटी म्हणाली. "चिरा ती फळी."

सात फळ्यांचा पलंग झाला. त्यावर ती घड्याळ लावून अर्धा तास पडून राहिली. मी बाहेर उभा होतो. वेळ झाल्यावर माझा हात न धरता उतरली.

"पाठ ठीक आहे. तिसरी फळी कुरकुरते."

आणि तिने बहिणीला फोन लावला. "शुक्रवारी येतेय गं. गाडीनं... अगं, मागे ट्रेलर आहे. ट्रेलर! सिनेमावाल्यांचा!"

मी पलंगाखाली शिरलो. तिसऱ्या फळीचे सगळे स्क्रू आवळले. फळी कुरकुरतच राहिली. बुधवार होता. सुताराला फोन केला.

"आज आतूं साब," तो म्हणाला.