मारबतीचा नियम

रामदासपेठेत मैत्रिणीच्या घरी आम्ही जो खेळ खेळायचो, तो ऐंशीच्या त्या दशकात नागपुरात आणखी कोणी खेळत असेल असं मला वाटत नाही. तिच्या मामानं अमेरिकेहून आणलेलं नियमांचं एक जाडं पुस्तक आणि चित्रविचित्र फाशांची पुडी, एवढंच भांडवल. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. पात्राच्या या प्रकाराला ‘क्लास’ म्हणायचं. मैत्रिणीचा दादा गोष्ट सांगायचा, संकटं आणायचा, आणि आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं; ते जमलं की नाही, हे फासा ठरवायचा. पात्राचा ‘जीव’ आकड्यांत असे. तो संपला की पात्र मेलं, कायमचं. दादा तिथल्या तिथं त्याचा कागद फाडायचा.

खेळायला मैत्रीण आणि दादाचे दोन मित्र. आणि मी? मी बसून सगळ्यांच्या जिवाच्या वजाबाक्या करायची. गांधीबागेतल्या कापडवाल्याची पोरगी, आकडेमोड पक्की असेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. डोंबलाची पक्की. दुसऱ्यांच्या तलवारी आणि माझी वजाबाकी, याचा मला असा काही संताप यायचा की सांगता सोय नाही. पुस्तकातला वैद्य तेवढा शिल्लक होता, पण वैद्य म्हणजे पुन्हा दुसऱ्यांच्या पट्ट्या बांधणं. शेवटी एक दिवस मी म्हटलं, मी माझा स्वतःचा क्लास बनवते.

“बनव ना,” दादा म्हणाला. “पण बरोबरीचा पाहिजे. भारी झाला तर आमचा खेळ खतम, हलका झाला तर तुझा. दिवाळीच्या सुट्टीत एक डाव चाचणी. पास झाली तर बस टेबलावर. नाही तर वजाबाकी आहेच.”

पोळा नुकताच होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आमच्या गच्चीखालून मारबतीचा भलामोठा पुतळा मिरवत गेला होता, आणि सगळ्या गल्लीनं घसा फोडून ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ केलं होतं. लोकांची दुखणी अंगावर घेऊन जाणारी ती बाई, गावाबाहेर नेऊन जाळतात तिला. माझ्या डोक्यात तीच बसली. माझा क्लास मारबत. जखमी सोबत्याला हात लावला की त्याची जखम तिच्या अंगावर. तिच्यावर औषध चालायचं नाही. शिवेबाहेर जाऊन जाळ केला, तरच ती मोकळी.

फासे दादाच्या कुलपात असत. म्हणून मी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून स्टीलच्या डब्यात घातले आणि रोज दुपारी एकटीच लढाया खेळायची. डबा हलवायचा, चिठ्ठी काढायची. आई म्हणायची, ही भिशी कोणाची चालवून राहिली वं? मारबत कधी कोणाला मरूच देईना, कधी पहिल्याच खोलीत स्वतः मरायची. जीव वाढवला, कमी केला, जाळाला लागणारा वेळ वाढवला. जमेना.

दादानं कागद पाहून नेमकं बोट ठेवलं. “तू पाहिजे त्याची जखम घेशील, नको त्याची सोडशील. मग तोटा कुठं आहे?”

मी तिथंच एक ओळ वाढवली : कोणीही ‘घेऊन जा’ म्हटलं की मारबतीला नाही म्हणता येत नाही. यात विचार करण्यासारखं काही आहे, हेसुद्धा मला वाटलं नाही. मारबतीला कोण विचारतं, घेशील का म्हणून? दादानं मान हलवली. “आता बरोबरीचा वाटतो.”

चाचणीला किल्ल्याखालचं भुयार होतं. माझी मारबत बाहेर पडेपर्यंत जगली पाहिजे, आणि तिच्यामुळं बाकीच्यांना भुयार फुकटात पार होता कामा नये. दोन्हीपैकी एक चुकलं की माझा कागद फाटणार.

ते दोघं मित्र असे सुटले की विचारू नका. दगड लागला, घेऊन जा. खरचटलं, घेऊन जा. “अबे, हे तर मस्त आहे,” एक म्हणाला, आणि दुसऱ्यानं बोटाला काटा लागला तरी मागितलं. मी घेत होते. नाही म्हणायची सोयच नव्हती, आणि ती मीच बंद केली होती.

शेवटच्या दारापाशी आलो तेव्हा माझा जीव पाचावर आला होता. आणि दारात विंचू. हत्तीएवढा. त्यानं नांगी मारली ती मैत्रिणीच्या योद्ध्याला. विष चढायला लागलं, एक पाळी हातात. ते पात्र तिनं वर्षभर वाढवलं होतं. त्याच्या ढालीवरची नक्षीसुद्धा तिनं रंगीत पेन्सिलीनं काढली होती. ते विष मी घेतलं असतं तर मी तिथंच संपले असते.

“माग ना,” दादा म्हणाला. “हक्क आहे तुझा.”

ती माझ्याकडं पाहत होती. मी मनात म्हटलं, नको मागू. मग वाटलं, माग बाई, एकदाचं सुटू दे.

“फासा टाक, दादा,” ती म्हणाली.

त्यानं टाकला. दोन आला, विष उतरायला फारच कमी. दादानं तिचा कागद घेतला आणि फाडला. त्याचाही हात जरा थांबलाच. मग आम्ही भुयाराबाहेर पडलो, मी शिवेबाहेर जाऊन जाळ केला, आणि दादानं जाहीर केलं, “क्लास पास. एकदम बरोबरीचा. बस टेबलावर.”

ज्यासाठी दोन महिने जिवाचं रान केलं ते मिळालं, आणि मला आनंदाऐवजी राग आला. व्हरांड्यात गाठलं मी तिला. “काहून नाही मागितलं तू? तुले कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायले?”

तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच. “तुले नाही म्हणता येत नव्हतं ना वं. मग म्या कसं मागू?”

मी आत गेले. दादाच्या हातून माझा कागद ओढला आणि ती ओळ खोडली. ते दोघं ओरडले, आता काय मजा राहिली? दादा म्हणाला, “खोडली तर क्लास भारी होते. पास रद्द होईल, सांगून ठेवतो.”

“होऊ दे,” मी म्हटलं. “माझी मारबत आता ‘नाही’ म्हणणार.”