दाढेखालची तूर

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी एका दाळमिलसाठी तूर खरेदी करतो. माझं सगळं शिक्षण माझ्या उजव्या दाढेत आहे. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातले चार दाणे काढायचे आणि तोंडात टाकायचे. कटकन फुटले की माल वाळलेला, दबले की ओल आहे. जुन्यात नवा माल मिसळला असला तरी कळतं, कसं ते मला सांगता येत नाही. मिलमध्ये ओल मोजायचं मशीन आहे, पण मालक म्हणतात, "मशीन राहू दे, तू काय म्हणतो?" एवढ्या एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं ताठ मानेनं फिरलो.

चावलेला दाणा मी थुंकत नाही, गिळतो. थुंकणारे पुष्कळ आहेत. मला कधी जमलंच नाही. ज्यानं पिकवलं तो माणूस समोर उभा, डोळे तुमच्या तोंडावर, आणि तुम्ही त्याचाच माल त्याच्या पायाशी पचकन थुंकणार? छ्या! म्हणून हंगामात रोज मूठ-दोन मुठी कच्ची तूर माझ्या पोटात जायची. पुढं पोटानं दगा दिला तेव्हाही या तुरीचा संशय मला शिवला नाही, इतका मी शहाणा.

दोन वर्षांपूर्वी पोट बिघडलं ते बिघडलंच. सकाळी पाच-पाच वेळा जायचं, आणि दुपारी दोन घास खाल्ले की पोट टम्म. उदगीर ते लातूर रस्त्यावर कुठल्या हॉटेलामागं संडास आहे ते मला तोंडपाठ झालं. एकदा तर कंडक्टरला हात जोडून एसटी थांबवली. मी बाभळीमागं आणि अख्खी गाडी खिडकीतून बघत राहिली. पन्नाशीचा माणूस मी. त्या दिवशी धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

गोळ्यांचे कोर्स झाले, दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल म्हणे. अहो, नॉर्मल असतं तर बाभळीमागं कशाला बसलो असतो? मग घरगुती सुरू झालं. हमाल म्हणाला ओवा, साडू म्हणाला कोरफड, शेजारीण म्हणाली भिजवलेली मेथी. मी सगळं एकदमच घेतलं आणि पोटाचा पार बट्ट्याबोळ केला.

शेवटी बायकोनं लातूरच्या एका वैद्यबाईंकडं नेलं. बाईंनी नाडी बघितली आणि विचारलं, उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं? मी चहापासून सगळं सांगितलं. बायको शेजारून म्हणाली, "आणि तूर?" बाईंचा पेन थांबला.

"कच्ची? किडीची पावडर लावलेली?"

"मोंढ्यात धुऊन कोण देतंय, बाई?"

"मग औषध नंतर," त्या म्हणाल्या. "आधी हे बंद. नाहीतर माझ्याकडं येऊच नका."

दोन महिने रजा काढली. बायको रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवायची, सकाळी शिजवून आंबील करायची. दुपारी मुगाची पातळ खिचडी, भाजलेलं जिरं घातलेलं ताक, संध्याकाळी बेलाचा मुरंबा. तिखट नाही, चहा नाही. पहिले पंधरा दिवस मी तिच्यावर नुसता खेकसलो. आजाऱ्याला राग फार, आणि काढायला बायकोच सापडते. ती गप वाटी पुढं ठेवायची. दीड महिन्यानं एका सकाळी मी एकदाच जाऊन आलो. तिला सांगितलं तर तिनं देवापुढं साखर ठेवली. कशाची साखर, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. दोघंही पोट धरून हसलो.

वैद्यबाईंनी मात्र बजावलं. आतडी आत्ता कुठं सावरतायत, परत कच्चा दाणा गेला तर पुन्हा अशी सावरतील याची खात्री नाही.

मी मोंढ्यात परत गेलो ते मशीन घेऊन. पण जो तो वानगीची मूठ पुढं करायचा. "शेठ, तोंडात टाका की! डब्ब्याला काय कळतंय?" दोन दिवसांनी मालकही म्हणाले, "खरेदी तू करतो का मशीन?" मग मी युक्ती काढली. चावायचं, गालात धरायचं आणि शेडमागं जाऊन थुंकायचं. चार दिवस निभावलं.

पाचव्या दिवशी एक मावशी आली. एकटीच, तुरीचे दोन कट्टे, म्हणजे दोन लहान पोती, घेऊन. माल असा निवडलेला, पाखडलेला की खडा शोधून सापडू नये. मी चावला. काय कटकन फुटला! दाणे गालात धरले आणि शेडकडं वळलो.

"शेठ, खवट लागली का?"

तोंड भरलेलं, बोलू कसा? मी नाही म्हणून मान हलवली. पण बाकीच्या खरेदीदारांनी ते बघितलं. ज्याच्या दाढेवर मोंढा भाव धरतो तो तोंड दाबून निघालाय म्हटल्यावर एकानं ढिगातला हात काढून घेतला, दुसरा पुढच्या ढिगाकडं गेला. मावशी गुडघ्यावर बसून दाणे चाळायला लागली. "कुठं खराब हाय, दाखवा, आत्ता निवडून देते."

मी गिळलं. आणि मोठ्यानं म्हणालो, "एक नंबर हाय मावशी! लावा रे बोली!"

खरेदीदार परतले, भाव चढला. त्यानंतर मला गालात धरणं झालंच नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. दिवसभर प्रत्येक ढिगाची तूर गिळली. दुसरं करणार तरी काय होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथ्यांदा संडासाची कडी लावली. बाहेर बायकोची पावलं थांबली. दोन महिने पहाटे उठली होती ती बिचारी. मला वाटलं, आता रागावेल, रागावायलाच पाहिजे. 

पण ती हळूच म्हणाली, "कुणाची होती?"

"एका मावशीची. दोनच कट्टे आणले होते."

"चांगली होती का?"

"लई चांगली," मी आतून म्हणालो, आणि मला रडूच फुटलं.